लग्नाचा सूट पेटीत कुजू देऊ नका

भोर-वेल्ह्याकडील आपल्या घरांत लग्नाच्या निमित्ताने मुलाला सूट शिवण्याची चाल पडली आहे. ती चांगली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाईट आहे ते पुढचे. निळाभोर, मोरपंखी किंवा डाळिंबी रंगाचा तो सूट मंगल परिणयाच्या दिवशी चार तास अंगावर असतो आणि मग लोखंडी पेटीत जातो. सह्याद्रीच्या या कुशीत चार महिने पाऊस थांबत नाही. दिवाळीला पेटी उघडावी, तो कॉलरवर बुरशी आणि बाहीला कसरीची भोके. उसनवारी करून उभा केलेला पैसा असा कुजतो.

सूट पुन्हा का घालत नाही, असे विचारले तर दोन उत्तरे मिळतात. पहिले मोठ्याने दिले जाते : रंग भडक आहे, रोज कसा घालावा? दुसरे हळू आवाजात : गावात लोक काय म्हणतील?

दुसऱ्या उत्तराचा समाचार आधी घेऊ. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. तो केवळ पोथीत राहिला नाही. मढ्यावरचे कापड हा महाराचा ‘हक्क’ म्हणून गावगाड्यात मोजला जात असे. १९५८ च्या कायद्याने महार वतन नाहीसे झाले. ज्यांच्या पूर्वजांना मेलेल्याचे कापड हक्क म्हणून मिळे, त्यांच्या मुलाच्या छातीला आणि खांद्याला टेप लावून शिंपी माप घेतो, ही गोष्ट लहान नव्हे. ते कापड दुसऱ्या कोणाच्या अंगावरून उतरलेले नाही.

राहिला लोकांचा प्रश्न. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला दागदागिने व भारी वस्त्रे वापरण्यास मनाई करणे हा १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यानेच गुन्हा ठरला. १९७६ साली त्या कायद्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली व ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. अनुसूचित जातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवीन कपडे घालण्यास अडथळा करणे, हा त्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरविला. ‘नवीन कपडे’ हे दोन शब्द एकविसाव्या शतकात संसदेला कायद्यात घालावे लागले, यावरून लोक काय म्हणतात आणि काय करतात हे वाचकांनी ओळखावे. आपण बौद्ध झालो म्हणून हे संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला आहे. दाखला मात्र वेळीच काढून ठेवावा.

आता रंगाचे. पूज्य बाबासाहेबांचे पुतळे पाहून अशी समजूत झाली आहे की सूट म्हणजे एकच अखंड वस्तू, घालायची तर सगळी. पण छायाचित्रे पाहा. ते धोतरात दिसतात, लुंगीतही दिसतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेताना त्यांच्या अंगावर पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. प्रसंग पाहून वस्त्र निवडावे हा त्यांचा विचार जुना होता. भोरहून वरंध घाट उतरला की महाड. तेथे १९२७ च्या डिसेंबरात त्यांनी स्त्रियांना सांगितले, की ज्या लुगडे नेसण्याच्या रीतीवरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते ती रीत सोडा, आणि कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. त्यांच्या वापरातील वस्त्रे पुण्याला सेनापती बापट रस्त्यावरील संग्रहालयात जतन केली आहेत. काचेआड ठेवायची वस्त्रे ती, आपली नव्हेत.

शिवाय कोट वेगळा वापरणे ही मराठी माणसाला नवी गोष्ट नाही. मागील पिढ्यांतील माणसे धोतरावर कोट घालीत आणि त्याच कोटाने बाजारही करीत, कचेरीही करीत. आम्हा वकिलांचेच पाहा. काळा कोट एक, विजार कधी पांढरी, कधी करडी. तोच कोट वर्षानुवर्षे चालतो आणि ‘कालचाच आहे’ असे कोणी म्हणत नाही.

म्हणून भडक वस्त्र एका वेळी एकच अंगावर असावे. निळा कोट करड्या विजारीवर आणि पांढऱ्या सदऱ्यावर घातला की तो मुलाखतीला चालतो, ग्रामसभेला चालतो. निळी विजार साध्या पांढऱ्या सदऱ्याखाली रोज कामावर जाऊ शकते. आतले जाकीट झब्ब्यावर शोभते. पुरा सूट १४ एप्रिलला आणि भावकीतील लग्नांत घालावा. न्यायालयात साक्षीला येणाऱ्या पक्षकाराला आम्ही कोट साध्या विजारीवर घालायला सांगतो. न्यायाधीशांचे लक्ष साक्षीकडे असावे, बटणांकडे नव्हे. विहारात वंदनेला शुभ्र वस्त्रांची रीत आहे, तेथे सूटाचा आग्रह नको.

हे सर्व शिवतानाच ठरवावे लागते. एका कोटामागे दोन विजारी शिवाव्यात, कारण विजार आधी विरते. कॉलरला साटीन आणि सोनेरी बटणे नकोत. असलीच तर लग्नानंतर बटणे बदलून साधी लावावीत, खर्च किरकोळ आहे. शिवणीत इंचभर माया सोडण्यास शिंप्याला बजावावे, म्हणजे वीस वर्षांच्या मुलाचा कोट तिशीतही अंगाला येतो आणि धाकट्या भावालाही होतो. चकचकीत कापडापेक्षा टेरीवूल घ्यावे. आणि व्याजाने पैसे काढून सूट मुळीच शिवू नये. तेवढे नसतील तर नुसता कोट शिवावा.

पावसाळ्याआधी कोट उन्हात नव्हे, सावलीत वाळवावा. ब्रशने धूळ झाडावी, ओले फडके मधे घालून इस्त्री करावी, नाहीतर कापडावर चकाकी येते. पेटीत डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवाव्यात. आणि श्रावणात उघडीप पडली की कोट बाहेर काढावा, खुंटीवर नव्हे तर रुंद खांद्याच्या हँगरवर तासभर वाऱ्याला लावावा, आणि त्याच दिवशी तालुक्याला काही काम असेल तर तो घालूनच जावे.