बिदरीची बटणे उधारीवर मागू नका

लग्नसराई आली की परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड या बाजारांत शेरवानीचे कापड आजही बऱ्यापैकी खपते. तयार माल बाहेरून कितीही आला, तरी कापड फाडून घेऊन आपल्या मास्तरकडून शिवून घेणारे गिऱ्हाईक संपलेले नाही. या शेरवानीला बटणे मात्र लागतात ती पुठ्ठ्यावर टाचून आलेली, पिवळा मुलामा दिलेली. नवरदेवाच्या धाकट्या भावाच्या लग्नापर्यंत त्यांचा रंग टिकत नाही. आणि इकडे परभणीहून निघालेला रेल्वेचा रूळ गंगाखेड, परळी, उदगीर करीत थेट बिदरला जातो, जेथे काळ्या धातूवर चांदी बसवून शेरवानीची बटणे आजही हाताने घडविली जातात. १९५६ पर्यंत परभणी आणि बिदर हे एकाच हैदराबाद राज्यातील जिल्हे होते. राज्याची हद्द मध्ये आली म्हणून व्यापाराची हद्द मध्ये यावी, असे काही नाही.

बिदरीचे काम वाचकांपैकी अनेकांनी जुन्या घरांतील पानदान, सुराही, हुक्क्याच्या रूपाने पाहिले असेल. त्यातील काळा धातू लोखंड नव्हे. ते मुख्यतः जस्त असते, त्यात थोडे तांबे. साधारणपणे सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे असे प्रमाण सांगतात. मातीत एरंडेल तेल व राळ कालवून साचा करतात, त्यात वस्तू ओततात, कानशीने घासून गुळगुळीत करतात. मग मोरचुदाचे पाणी लावून ती तात्पुरती काळी करतात, म्हणजे टोच्याने ओढलेली नक्षी डोळ्यांना दिसते. त्या रेघांवर छिन्नी चालते आणि झालेल्या खाचेत चांदीची तार हातोडीने ठोकून बसवितात. पुन्हा घासल्यावर सारे पांढरट दिसते, चांदी कोठे आणि जस्त कोठे हे कळत नाही. खरी करामत शेवटी होते. बिदरच्या जुन्या किल्ल्यातील माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम वस्तूवर चोळले की जस्त कायमचे काळे पडते आणि चांदी तशीच पांढरी राहते. ही माती अशा जागची लागते, जेथे वर्षानुवर्षे ऊनपाऊस पोहोचलेला नाही. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. वरून खोबरेल तेलाचा हात फिरविला की झाले.

आम्हा कापडवाल्यांना या कामातील शब्द परके वाटू नयेत. बूटी, बेल, तारकशी हे सारे आपल्याच गाठोड्यातले. ‘अशर्फी की बूटी’ म्हटले की विणकर जे समजतो तेच बिदरीवाला समजतो.

आता पाहा, या धंद्याची अवजारे कोणती? मूस, साचा, कानस, छिन्नी, हातोडी, टोच्या. सारी एका पिशवीत मावतील. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत १८ व्यवसायांतील कारागिरांना अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाखाचे, मग २ लाखांचे कर्ज अशी सोय आहे. योजना चांगलीच आहे. पण बिदरीचे काम छिन्नीवाचून अडलेले नाही. ते अडते दुकानदाराच्या वहीत.

हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत. समजा, सात बटणांच्या संचाला चांदी ५०० रुपयांची लागली, जस्त, तांबे, कोळसा वगैरे १०० रुपये आणि दोन दिवसांची मजुरी १२०० रुपये. संच पडला १८०० रुपयांना. एका दुकानदाराने वीस संच मागविले आणि सांगितले, ‘माल ठेवून जा, विकेल तसे पैसे देऊ.’ चांदी सराफाकडून रोखीने घ्यावी लागते, तेथे कोणी उधारी ऐकत नाही. शिवाय गेल्या काही वर्षांत चांदी ज्या वेगाने चढली ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे कारागिराने १२ हजारांचा कच्चा माल पदरचा घातला आणि चाळीस दिवसांची मजुरी आमच्या काचेच्या कपाटात अडकवली. त्याने ते १२ हजार दरमहा शेकडा तीनने काढले असतील, तर सहा महिन्यांत २१६० रुपये व्याज होते. एक सगळा संच व्याजात गेला, वर काही रुपये. अशा व्यवहारात त्याचा मुलगा छिन्नी हाती घेईल की दुचाकीवरून पार्सले पोहोचवील?

२०२३ मध्ये बिदरचे उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. त्याचा आनंद सर्वांनाच झाला. पण एका उस्तादाच्या सन्मानाने बाकीच्यांची थकलेली मजुरी वसूल होत नाही.

सुरतेचा माल आम्ही उधारीवर घेतो हे खरे, पण तेथला ठोक व्यापारी ती उधारी भावातच धरून बसलेला असतो आणि त्याला बँकही उभी करते. घरात चार माणसे बसून काम करणाऱ्याला हे जमत नाही. म्हणून आमच्या व्यापारी बांधवांना आमचे सांगणे असे की, बिदरीची बटणे घ्यायची असतील तर थोडी घ्या, पण मागणीबरोबर निम्मे पैसे इसार म्हणून द्या आणि माल हाती पडताच बाकीचे. वीस संचांची ऐपत नसेल तर चार घ्या. कोणी म्हणेल, माल पडून राहिला तर? कापडाला कसर लागते, घडीवर रंग उडतो, पुढच्या वर्षी त्या डिझाइनला कोणी विचारत नाही. या बटणांना तेलाचा हात लावला की ती पुन्हा नवी.

भाव ठरविताना वजनकाटा दूर ठेवावा. तांब्या-पितळेची भांडी किलोवर घेण्याची आपल्याला सवय, म्हणून गिऱ्हाईकही विचारते, ‘यात चांदी किती?’ चांदी थोडीच असते. पैसे घडणावळीचे आहेत, असे त्याला दुकानदारानेच सांगितले पाहिजे, आणि न लाजता सांगितले पाहिजे.

एक खबरदारी मात्र हवी. २००६ मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. साच्यातून काढून काळा रंग फासलेला माल ‘बिदरी’ म्हणून विकणे ही गिऱ्हाईकाची फसवणूक आहे आणि कायद्यालाही धरून नाही. रंग नखाने किंवा टाचणीने उकलतो. बिदरीचे काळेपण धातूच्याच अंगात उतरलेले असते. स्वस्त माल विकायचा तर खुशाल विका, त्याला त्याच्या नावाने विका.

परभणीत फेब्रुवारीत तुराबुल हक शाह यांचा उर्स भरतो, तेव्हा साऱ्या मराठवाड्यातून आणि तेलंगणातूनही माणसे येतात. कापडाच्या दुकानात शेरवानीच्या ठाणाशेजारी चार संच उघडे मांडून ठेवायला वेगळी जागा लागत नाही. त्यासाठी बिदरला मागणी मात्र दिवाळीनंतर लगेच, इसारासह गेली पाहिजे. हातकामाला दिवस लागतात; जानेवारीच्या अखेरीस फोन करून काही हाती येणार नाही.