३१ मार्चला आपले देणे कोण लिहितो?

पेणमध्ये बँकेचा विषय निघाला की कुठल्यातरी घरातून आजही एक जुने पासबुक बाहेर येते. २०१० च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. बनावट कर्जखात्यांच्या आडून शेकडो कोटी रुपये गेल्याचे बाहेर आले. ठेवीदार दोन लाखांच्या आसपास. ज्यांनी फसवले ते गुन्हेगार, ठेवीदार नव्हेत, हे आधीच सांगून ठेवतो. पण एक प्रश्न आम्हाला सोडत नाही. बँकेचा ताळेबंद हातात दिला असता, तर तो वाचू शकणारी किती माणसे आपल्या वस्त्यांत होती?

या प्रश्नातूनच आम्ही अभ्यासवर्गात लेखाकर्म घेतले. त्यातही वर्षअखेरच्या समायोजन नोंदी. काही साथींनी नाके मुरडली. चळवळीचे वर्ग म्हणजे जातिव्यवस्था, संविधान, धम्म. तिथे नावे-जमा कशाला? पोरांना कारकून करायचे आहे काय?

बाबासाहेब १९२५ ते १९२८ या काळात मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. म्हणजे १९२७ च्या मार्चमध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा हेच काम चालू होते. आपण जयंतीला ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’चे नाव घेतो आणि मंडळाच्या हिशेबाची वही मात्र कुणाच्या तरी पिशवीत वर्षभर पडून असते.

वर्गाची सुरुवात आम्ही त्या वहीपासूनच केली. भीमजयंती १४ एप्रिलला, आर्थिक वर्ष संपते ३१ मार्चला. वर्गणी मार्चमध्येच गोळा होते. उदाहरण असे मांडले : वर्गणी आली ६४,०००. मंडपवाल्याला आगाऊ दिले १०,०००. मागची शिल्लक सोयीसाठी शून्य धरली. हातात ५४,०००. ३१ मार्चला खजिनदार उभा राहून सांगतो, ‘मंडळ ५४ हजारांनी नफ्यात आहे.’ टाळ्या पडतात. कुणीतरी म्हणते, मग पाच हजार क्रिकेटच्या स्पर्धेला द्या.

आता एका लॅपटॉपवर स्प्रेडशीट उघडली. डावीकडे खात्याचे नाव, पुढे रकान्यांच्या तीन जोड्या : तेरीज, समायोजन, समायोजित तेरीज. प्रत्येक जोडीत एक रकाना नावेचा, एक जमेचा. पहिल्या जोडीत रोख ५४,००० आणि मंडप खर्च १०,००० नावे, वर्गणी ६४,००० जमा. मग विचारले, ही वर्गणी कोणत्या कार्यक्रमाची? एप्रिलच्या. तो कार्यक्रम झाला का? नाही. मग ते मार्चअखेरचे उत्पन्न कसे? लोकांनी आपल्यावर टाकलेले ते देणे आहे, पूर्वप्राप्त वर्गणी. वर्गणी खाते ६४,००० नावे, पूर्वप्राप्त वर्गणी ६४,००० जमा. मंडपाचे १०,००० सुद्धा अजून खर्च नव्हेत, पूर्वदत्त आहेत. आणि २६ जानेवारीच्या कार्यक्रमाच्या साउंडवाल्याचे ७,५०० द्यायचे राहिलेत ना? पैसे गेले नाहीत म्हणून ते वहीत नव्हतेच. पण आवाज तर जानेवारीत ऐकला. तो खर्च याच वर्षाचा, अदत्त.

शेवटच्या जोडीत दोन्ही बाजू ७१,५०० ला जुळल्या. ५४ हजारांनी नफ्यातले मंडळ प्रत्यक्षात ७,५०० रुपयांच्या तुटीत निघाले. कुणी चोरी केली नव्हती. फक्त पैसा हातात येण्याची तारीख आणि तो कमावण्याची तारीख यांतला फरक कुणी लिहिला नव्हता. रोख पद्धत आणि उपार्जित पद्धत यांतला भेद एवढाच, पण वर्गात तो व्याख्येने कधीच डोक्यात शिरला नसता.

इथेच एका मुलीने खोच काढली. साउंडवाल्याची ओळ तिने पुसून टाकली आणि म्हणाली, ‘बघा, तरी जुळतेय.’ खरेच जुळले, ६४,००० ला ६४,०००. जी नोंद केलीच नाही, तिची उणीव स्प्रेडशीटची बेरीज कधीच दाखवत नाही. तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, हा समज त्या संध्याकाळी संपला.

बँकेची गोष्ट आम्ही यानंतरच घेतली. कर्जावरचे व्याज रोज चढत असते, ते मिळण्याआधीच बँक उत्पन्नात धरते. म्हणूनच नियम असा की हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला तर ते कर्ज अनुत्पादक ठरते. मग प्रत्यक्ष हातात न आलेले व्याज उत्पन्नात धरता येत नाही आणि बुडीताची तरतूद करावी लागते. हीसुद्धा वर्षअखेरची समायोजन नोंदच. कर्जदारच खोटा असेल आणि ही नोंद टाळली, तर कागदावर बँक ठणठणीत दिसते, आणि कागद जुळतोही. ठेवीदाराला हे ओळखता येईलच असे आम्ही म्हणत नाही. पण वार्षिक सभेत ‘अनुत्पादक कर्जे किती, तरतूद किती’ हे दोन प्रश्न विचारणारा माणूस वस्तीत असला पाहिजे.

आमचा खरा मुद्दा मात्र पुढे आहे. सरकारचा हिशेब आजही मुख्यतः रोख पद्धतीचा. पैसा सुटला तर खर्च, न सुटला तर काहीच नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मंजूर झालेली मुलगी जूनपासून वर्गात बसते, मार्चपर्यंत तिचा निर्वाह भत्ता महिन्यामागून महिना देय होत जातो. पण ३१ मार्चला तो सुटला नाही तर त्या वर्षाच्या खर्चात तिचा एक रुपयाही दिसत नाही. अनुसूचित जाती उपयोजनेचा न खर्चलेला निधी व्यपगत होतो तो याच तारखेला. आंध्र, तेलंगणा, कर्नाटक यांनी उपयोजनेसाठी कायदे केले. महाराष्ट्रात तसा कायदा व्हावा म्हणून आपण घसा कोरडा करतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्चायचे असतात. ते खर्च झाले नाहीत, तर ती गावाची बचत नव्हे, आपले येणे आहे.

निवेदनात आपण ‘शिष्यवृत्ती त्वरित द्यावी’ असे लिहितो. साहेब शिक्का मारतात. त्याऐवजी वर्गातल्या पोरांनी एक शीट केली : विद्यार्थ्याचा क्रमांक, मंजूर रक्कम, देय झालेले महिने, मिळाले किती, राहिले किती, किती दिवसांपासून. शेवटच्या रकान्यात ९० दिवस ओलांडले की ओळ लाल होते. बँकेला जो निकष कर्जदारासाठी चालतो, तो सरकारला आपल्यासाठी लावून बघू, असा तिरकस विचार त्यामागे आहे, आणि तो आम्हाला आवडला.

ही शीट अजून अर्धी आहे. पेणची नावे भरून झाली, रोह्याची यायची आहेत. ज्यांची मंजुरी आली पण रक्कम नाही, त्यांनी महाडीबीटीवरची मंजुरीची प्रत आणि पासबुकाचे शेवटचे पान घेऊन रविवारच्या वर्गाला यावे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हा कागद घेऊन आम्ही अलिबागला समाजकल्याण कार्यालयात जाणार आहोत.