गृहपाठ की गिरवणी?

सीमाभागातील मराठी शाळांत कन्नडचा गृहपाठ म्हणजे अनेकदा 'धडा पाच वेळा लिहून आणा'. २०१५ च्या कायद्याने कन्नड सक्तीचे आहे, अभ्यासक्रम पुरा व्हायला हवा, हे गुरुजींचे म्हणणे आम्हाला कळते. पण अनेक घरांत ती लिपी कुणालाच येत नाही. पोर नुसते गिरवते. अर्थ कोण सांगणार?

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. ते का वाया घालवावेत? कन्नड वर्गातच बोलून घ्यावे. घरी आजीकडून जात्यावरच्या ओव्या, पेरणीचे शब्द मराठीत लिहून आणायला सांगावे. गुरुजींनाही तेच तेच वाचावे लागणार नाही. (आजही वाचतात का, कोण जाणे!)