क्लेरमाँटच्या एक्स-मेनची बाजू

एक्स-मेन या अतिमानवांच्या संघावरच्या कॉमिक मालिकेच्या चाहत्यांमध्ये एक मत आता रूढ होऊन बसले आहे. क्रिस क्लेरमाँटने ही मालिका १९७५ ते १९९१ अशी सोळा वर्षे सलग लिहिली. त्यांतली १९७७ ते १९८१ ही चित्रकार जॉन बर्नच्या सोबतीची वर्षे तेवढी खरी, आणि पुढचे सगळे म्हणजे वाढत गेलेला पसारा, असे ते मत. आधाराला तीन आक्षेप असतात. क्लेरमाँट फार शब्द वापरतो, चित्रात दिसते तेच पुन्हा लिहितो. त्याची पात्रे लढण्यापेक्षा रुसतात, भांडतात, प्रेमात पडतात. आणि तो कथानके सुरू करून वाऱ्यावर सोडतो. म्हणून नव्या वाचकाला ‘डार्क फिनिक्स सागा’ आणि ‘डेज ऑफ फ्युचर पास्ट’ या दोन कथा वाचायला सांगतात आणि उरलेले सोडून द्यायला लावतात.

मला हे मत साफ अमान्य आहे. ज्या दोन कथा हे चाहते डोक्यावर घेतात, त्यांतली पहिली कथाच त्यांच्या विरोधात साक्ष देते.

त्या कथेची नायिका जीन ग्रे १०१ व्या अंकात, १९७६ मध्ये, फिनिक्स झाली आणि १३७ व्या अंकात, १९८० मध्ये, मेली. मधली चार वर्षे क्लेरमाँट तिच्याबद्दल थोडे थोडे सांगत राहिला: तिची वाढत जाणारी शक्ती, त्या शक्तीची तिला लागलेली गोडी, तिचा प्रियकर स्कॉट मेला असे समजून काढलेले दिवस, आणि तिच्या मनात हळूहळू शिरणारा मास्टरमाइंड हा खलनायक. रसिक लोक ज्या घरगुती प्रसंगांना भरताड म्हणतात, तेच हे प्रसंग. ते काढून टाकले की उरते एक स्त्री, जिच्या हाती अफाट शक्ती येते, जी एक तारा गिळते, एका ग्रहावरचे अब्जावधी जीव त्यात संपतात आणि शेवटी ती स्वतःला संपवते. हॉलिवुडने २००६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये नेमके एवढेच उचलले, आणि दोन्ही चित्रपट कोरडे निघाले. जीनला पुरती ओळखण्याआधीच प्रेक्षकाने तिच्यासाठी डोळे पुसावेत, अशी त्यांची अपेक्षा होती.

मूळ आराखड्यात तर जीन मरणारच नव्हती. तिची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवायचे ठरले होते. मार्व्हल या प्रकाशन कंपनीचा मुख्य संपादक जिम शूटर याने हरकत घेतली की एवढ्या संहाराची किंमत कथेने मोजली पाहिजे, आणि शेवट बदलला. हा बदल कथेच्या हिताचाच झाला. पण १९८६ मध्ये ‘एक्स-फॅक्टर’ ही नवी मालिका काढण्यासाठी त्याच कंपनीने जीनला परत आणले: मेली ती जीन नव्हतीच, खरी जीन जमैका उपसागराच्या तळाशी एका कोशात झोपली होती! तिच्यासाठी स्कॉटला बायको आणि तान्हे मूल टाकून घराबाहेर पडावे लागले. ‘एक्स-मेनमध्ये मरण खोटे असते’ असे म्हणणारे चाहते याचे खापर क्लेरमाँटवर फोडतात. हा अन्याय आहे. तो निर्णय त्याचा नव्हता आणि त्याला तो रुचलाही नव्हता.

शब्दांच्या आक्षेपात तथ्य आहे. कोलोससच्या पोलादी अंगाचे आणि वुल्व्हरिनच्या पंजांचे वर्णन दर अंकात येते, आणि जाड संग्रह एका बैठकीत वाचताना ते नकोसे होते. पण हे अंक महिन्याला एक निघत आणि मधलाच एखादा अंक हाती पडलेल्या मुलालाही तो कळावा लागे. शिवाय मार्व्हलच्या पद्धतीत चित्रकार आधी पाने रेखाटी आणि संवाद त्यावर नंतर चढत. कृती चित्रात आलेलीच असल्यामुळे क्लेरमाँट पात्राच्या मनातले लिहू शकत असे. अक्षरकार टॉम ओर्झेकाउस्कीने हाताने काढलेल्या त्या बारीक, नेटक्या अक्षरांत संघातल्या ओरोरोची बंद जागेची भीती आहे, रोग नावाच्या नायिकेला कुणालाही स्पर्श करता येत नाही याचे दुःख आहे. एकट्या चित्रातून हे कळले नसते.

अर्धवट सोडलेल्या धाग्यांचा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. १९८९-९० मध्ये चमू फुटतो, माणसे जगभर विखुरतात आणि कित्येक महिने एक्स-मेन नावाचा संघच उरत नाही. तिथे कथा भरकटते. मात्र एका वर्षाच्या भरकटण्यावरून उरलेली वर्षे रद्द करणे हे वाचन नव्हे.

त्या नाकारलेल्या वर्षांतच तर या मालिकेचे सर्वात मोठे काम झाले. मॅग्निटो १९६३ मध्ये पहिल्या अंकात आला तेव्हा तो निव्वळ खलनायक होता. १५० व्या अंकात, १९८१ मध्ये, त्याचा वार किटी प्राइड या कोवळ्या मुलीवर पडतो. ती मेली असे वाटून तो तिला उचलतो आणि त्याला आउश्वित्झ आठवते. तिथून वाचलेला मुलगा आज कोण झाला आहे, हे त्याला दिसते. क्लेरमाँटने हे परिवर्तन तिथेच उरकले नाही. पुढे पन्नास अंक गेले. मॅग्निटो डळमळला, एक्स-मेनच्या बाजूने उभा राहिला, २०० व्या अंकात पॅरिसमध्ये त्याच्यावर खटला चालला आणि मरणाच्या दारात पोचलेल्या, एक्स-मेनचा संस्थापक असलेल्या झेवियरने आपली शाळा त्याच्या हवाली केली. मुलांना शिकवायला बसलेला हा मॅग्निटो सहा अंकांच्या कथेत बसवून पाहावा. पटणार नाही.

ओरोरोचेही तसेच. १८५ व्या अंकात तिची शक्ती जाते. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत ती दोन-तीन महिन्यांत परत आली असती. इथे साडेतीन वर्षे लागली. त्याच काळात, २०१ व्या अंकात, तिने स्कॉटशी रीतसर झुंज घेऊन, कोणत्याही शक्तीविना, संघाचे नेतृत्व जिंकून घेतले. अतिमानवांच्या संघाची प्रमुख एक सामान्य माणूस! हे धाडस बर्न गेल्यानंतरचे आहे.

संघकथेत मोहीम हे निमित्त असते. एकत्र राहणाऱ्या माणसांना एकमेकांमुळे काय होते, हा तिचा विषय, आणि तो उलगडायला वर्षे लागतात. मासिक कॉमिकजवळ ती वर्षे असतात. क्लेरमाँटने ती वापरली.

१९९१ मध्ये जिम लीच्या चित्रांसह नवी ‘एक्स-मेन’ मालिका निघाली. पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानांत गेल्या, आणि तो विक्रम ठरला. तीन अंक लिहून क्लेरमाँट बाहेर पडला. त्या तीन अंकांत मॅग्निटो पुन्हा शत्रू आहे. खपाचा हा आकडा पुढे करणाऱ्यांनी २०० व्या अंकातला मॅग्निटो आणि हा मॅग्निटो शेजारी ठेवून वाचावा, आणि मग पसारा कोणता ते सांगावे.