आधी मॉनिटर, मग कार्ड

सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडायचा ठरला की घरातली मुलं पहिलं नाव घेतात ते ग्राफिक्स कार्डाचं. मॉनिटर यादीत सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत बसेल तो. माझं मत याच्या अगदी उलट आहे. मॉनिटर आधी ठरवावा आणि चांगला घ्यावा. कार्ड त्यानंतर, कामापुरतं. काम नसेल तर घेऊच नये. पण काम असेल तर हात आखडू नये. हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या नात्यात सध्या वाद चालू आहे तो त्यावरच.

माझी मोठी बहीण इंदापूरला दिलेली. तिची मुलगी बारामतीत आर्किटेक्चर शिकते आणि सोमवार ते शनिवार माझ्याकडे राहते. २०२४ मध्ये तिचा प्रवेश झाला, तेव्हा दाजींनी कॉम्प्युटरसाठी सत्तर हजार रुपये काढून दिले आणि सांगितलं, "तुम्ही दुकानाचे हिशेब कॉम्प्युटरवर ठेवता, तुम्हीच बघा." पुण्याच्या एका दुकानातून यादी मागवली. त्यात जवळजवळ तीस हजारांचं कार्ड होतं आणि सहा हजारांचा बावीस इंची मॉनिटर. प्रोसेसर होता शेवटी 'एफ' अक्षर असलेला. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. म्हणजे कार्ड लावल्याशिवाय पडदा काळाच राहणार. पोरीचं पहिलं वर्ष बहुतेक हातानं, कागदावर ड्रॉइंग काढण्यात जाणार होतं, आणि यादी मात्र पहिल्या दिवसापासून कार्ड गळ्यात बांधत होती.

आम्ही यादी बदलली. ज्यात ग्राफिक्स आतच असतं असा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घेतला. बत्तीस जीबी रॅम, एक टीबीची एसएसडी, ६५० वॅटचा एसएमपीएस आणि सत्तावीस इंची मॉनिटर. मदरबोर्डवर कार्डाची जागा रिकामी ठेवली. सगळं सत्तर हजारांत बसलं.

मॉनिटर आधी का, याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. नेहमीच्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे २०,७३,६००. त्याच्या वरच्या प्रकारात २५६० गुणिले १४४०, म्हणजे ३६,८६,४००. फोर-के म्हणतात त्यात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००, फुल एचडीच्या बरोबर चौपट. त्रिमितीय चित्र हलतं तेव्हा यातला प्रत्येक ठिपका सेकंदाला निदान साठ वेळा नव्यानं रंगवावा लागतो. ते काम ग्राफिक्सचं. म्हणजे कार्डावर भार किती पडणार, हे बरंचसं मॉनिटरच ठरवतो. मैत्रिणींनो, भांडं कोणतं ठेवायचं ते ठरल्याशिवाय आपण आच ठरवतो का? चहाच्या पातेल्याखाली मोठी शेगडी पेटवली तर ज्वाळा बाहेरून जातात, गॅस फुकट जातो आणि चहा काही जास्त चांगला होत नाही.

दुसरं कारण डोळ्यांचं. कार्ड कॅबिनेटच्या आत बसतं, त्याच्याकडे कोणी बघत नाही. मॉनिटरकडे पोरगी रोज सहा-सात तास बघते, आणि तिला चष्मा आहे. मॉनिटर घेताना नुसते इंच बघू नका, एका इंचात ठिपके किती बसतात ते बघा. चोवीस इंची फुल एचडीवर इंचाला साधारण ९२ ठिपके येतात. तेच ठिपके सत्तावीस इंचावर ताणले तर ८२ उरतात. सत्तावीस इंची २५६० गुणिले १४४० मध्ये १०९ मिळतात. इंग्रजी अक्षर विरळ ठिपक्यांतही वाचता येतं. आपल्या मराठीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. 'कर्तृत्व' किंवा 'निर्ग्रंथ' असा शब्द बारीक अक्षरात विरळ पडद्यावर वाचून बघा, अनुस्वार आहे की रेघेवरची धूळ, हे कळत नाही. माझ्या सासूबाई संध्याकाळी याच मॉनिटरवर स्कॅन केलेली जुनी स्वाध्यायाची पुस्तकं वाचतात. त्यांना फरक पहिल्याच दिवशी जाणवला.

म्हणून माझा नियम असा: चोवीस इंचापर्यंत फुल एचडी पुरतो, सत्तावीस घ्यायचा तर १४४० चाच घ्या. बजेट कमी असेल तर चोवीस इंची चांगला घ्या, सत्तावीस इंची फुल एचडीच्या मोहात पडू नका.

पॅनेल आयपीएस असावं. जुन्या टीएन पॅनेलवर बाजूनं किंवा खालून बघितलं की रंग बदलतात, आणि आपल्या घरात मॉनिटरसमोर एकटं कोण बसतं? व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, पण हलणारं चित्र कधीकधी पुसट ओढल्यासारखं दिसतं. सेकंदाला १४४ वेळा बदलणारा पडदा खेळणाऱ्यांना हवा असतो. हिशेब, ड्रॉइंग आणि प्रवचनाच्या व्हिडिओला ६० ते १०० भरपूर. स्टँड वर-खाली होणारा बघा, किंवा मागे भिंतीवर टांगायची चार भोकं आहेत ना ते बघा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आली की मान दुखत नाही. त्यासाठी मॉनिटरखाली वह्यांचे गठ्ठे ठेवणारी घरं मी पुष्कळ बघितली आहेत.

दुकानातून निघण्याआधी मॉनिटर चालू करून पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, मग लाल, हिरवा आणि निळा पडदा बघून घ्या. मेलेला ठिपका तिथंच दिसतो. आणि वॉरंटीत माणूस आपल्या गावी येणार की आपणच डबा घेऊन पुण्याला जायचं, हे विचारा. बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर आहे आणि इंदापूरहून त्याहून लांब. एसटीत मांडीवर मॉनिटर घेऊन जाणं ही काही वॉरंटी नव्हे.

आता कार्डाकडे येते. कार्ड म्हणजे नक्की काय, हे दाजींना मी पापडाचं उदाहरण देऊन सांगितलं. आमच्या प्रोसेसरमध्ये सहा कोअर आहेत. सहा हुशार सुगरणी म्हणा, कोणताही पदार्थ सांगा, करून देतील. आरटीएक्स ३०६० या २०२१ सालच्या कार्डात ३,५८४ छोटे कोअर आहेत. त्यांना पुरणपोळी येत नाही, पापड तेवढा लाटता येतो, पण सगळ्या एकदम लाटायला बसतात. हिशेब, टायपिंग आणि व्हिडिओ कॉल हे सुगरणींचं काम. ऑटोकॅडमधलं साधं सपाट ड्रॉइंगही त्यांच्याकडून होतं. पण इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करून त्यावर ऊन, सावली, काच आणि पाणी दाखवायचं, म्हणजे रेंडर करायचं, तर ते हजारो पापडांचं काम. ल्युमियनसारखं सॉफ्टवेअर तर वेगळं कार्ड मागतंच.

पोरगी आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि ते काम सुरू झालं आहे. आमच्या कॉम्प्युटरवर एक चित्र रात्रभर चालतं आणि कधी मध्येच बंद पडतं. मग ती मैत्रिणीच्या खोलीवर जाते, तिच्याकडे कार्ड आहे. जमा करायच्या आदल्या रात्री अकरा-साडेअकराला मी गेटपाशी तिची वाट बघत उभी असते. म्हणून मी म्हणते, आता कार्ड घ्यायची वेळ झाली.

दाजींचा आक्षेप दोन प्रकारचा. एक, कार्ड म्हणजे गेम, गेम म्हणजे गोळीबार, आणि ते जैनांच्या घरात कशाला? यातली भावना मला मान्य आहे. पडद्यावरची का असेना, मारामारीची गोडी लागू नये. अनर्थदंड म्हणजे विनाकारण केलेली पापाची गोष्ट, आणि तिचा त्याग हे आपल्या श्रावकांच्या बारा व्रतांपैकी एक. पण कार्ड गोळी झाडत नाही. ते ठिपके मोजतं, घराचेही आणि बंदुकीचेही. सुरी घरात असते म्हणून आपण भाजी चिरणं सोडत नाही. ती हातात कुणाच्या आणि कशासाठी, ते बघतो.

दुसरा आक्षेप परिग्रह-परिमाणाचा. "आपण मर्यादा घातलेली माणसं. सत्तर हजार दिले, आता पुरे." इथं माझं दाजींशी पटत नाही. परिमाण म्हणजे माप, कंजुषी नव्हे. लागणार नाही ते न घेणं हे माप आहे, आणि दोन वर्षं आम्ही तेच केलं. पण लागतं ते साधन नाकारून त्याला व्रताचं नाव देणं, आणि तेही मुलीच्या शिक्षणात, हे मला रुचत नाही. दुकानाला नवा टेम्पो घेताना परिमाणाची आठवण कोणी काढली नव्हती. दाजींना वालचंदनगरचा फार अभिमान. सोलापूरच्या जैन घरातले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्याच्या माळावर साखर कारखाना उभा केला. त्याच गावात पुढे मोठमोठी यंत्रं बनू लागली, इस्रोच्या रॉकेटच्या मोटरची आवरणंही तिथं तयार होतात. ते सगळं आधी कागदावर काढलं गेलं असेल, चांगल्या बोर्डवर आणि चांगल्या अवजारांनी. साठवणूक वेगळी आणि अवजार वेगळं, हे त्या तालुक्यातल्या माणसाला मी काय सांगावं?

मात्र कार्ड घेतानाही मापच वापरायचं. तीन गोष्टी बघते. पहिली, कार्डाची स्वतःची मेमरी. मॉडेल त्यात मावलं नाही तर काम अडतं. आठ जीबीच्या खाली जाऊ नये. बारा मिळाली तर उत्तम. दुसरी, वॅट. ३०६० ला १७० वॅट लागतात, २०२३ च्या ४०६० ला ११५. पहिल्यात बारा जीबी, दुसऱ्यात आठ. नवा आकडा म्हणजे सगळंच जास्त असं नसतं. १७० वॅटचं कार्ड सहा तास पूर्ण चाललं तर एकट्या कार्डाचं एक युनिट होतं. आपल्याकडे सर्रास वापरतात तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. प्रोसेसर, मॉनिटर आणि पंखे धरून १७० वॅटच्या कार्डासह भार तीनशेच्या पुढे जातो. वीज गेली की सेव्ह करायला दोन मिनिटं तरी मिळाली पाहिजेत. एप्रिल-मे महिन्यात बारामती-इंदापूरकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कॅबिनेटला पुढून जाळी हवी. कारखान्यांच्या हंगामात गच्चीवर काळी राख पडते, ती आतही जाते. जाळी पंधरवड्यानं पुसायची.

तिसरी, बिल. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवर ते 'खणणं' थांबलं. दिवसरात्र तापलेली पुष्कळ कार्डं तेव्हा जुन्या बाजारात आली. म्हणून सीरियल नंबर लिहिलेलं बिल आणि उरलेली वॉरंटी असल्याशिवाय स्वस्त कार्ड घेऊ नका. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्या भोकात लावा. ती मदरबोर्डच्या जुन्या जागी राहिली तर घेतलेलं कार्ड नुसतं बसून राहतं.

मुलीच्या कॉम्प्युटरची यादी तुमच्यापुढे आली, तर ती वाचायला लाजू नका. दुकानदाराला पहिला प्रश्न मॉनिटरचा विचारा, दुसरा प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का हा. आणि मुलीला विचारा, तुझं काम कोणतं आणि ते कोणत्या वर्षी सुरू होणार? त्या वर्षासाठी पैसे आजच बाजूला ठेवा, म्हणजे वेळ आल्यावर व्रताची आड घ्यावी लागणार नाही. माझ्या मते दाजींनी या दिवाळीच्या आत कार्ड घ्यावं. ते हे वाचतात, म्हणून इथंच लिहिलं.

जय जिनेंद्र.