उपरी आणि मिरासदार

एका वाचकभगिनीचा प्रश्न आला आहे. तापांत डॉक्टरांनीं अँटिबायोटिकाबरोबर ‘चांगल्या जंतूं’च्या, म्हणजे प्रोबायोटिकाच्या, कॅप्सूल दिल्या, ते जंतु पोटांत कायम राहतात, कीं कॅप्सूल संपल्या म्हणजे तेही जातात? कायम राहत असतील तर पुन्हां पैसे कां खर्चावेत, असा त्यांचा रोकडा सवाल आहे.

आंबट दुधांतील जंतु आंतड्यांतील कुजण्याची क्रिया थांबवून आयुष्य वाढवितात, हें मत पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील मेच्निकॉफ यांनीं १९०७ च्या सुमारास मांडलें, आणि बल्गेरियाच्या दह्याची कीर्ति जगभर झाली. ते स्वतः नित्य आंबट दूध घेत व १९१६ सालीं ७१ वर्षांचे होऊन वारले. यावरून कोणीं कोणत्याही बाजूचा निकाल काढूं नये. परंतु १९२१ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या रेट्गर व चेप्लिन यांनीं तो बल्गेरियन जंतु माणसाच्या आंतड्यांत ठाव धरीत नाहीं, असें दाखविलें.

हें मोजतात कसें? औषध बंद केल्यावर रोज मल तपासावा, हा सरळ मार्ग. पण दिलेला जंतु व त्याचे घरचे भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखालीं सारखेच दिसतात. म्हणून, गुरांवर डाग देतात त्याप्रमाणें, रिफँपिसिन या औषधास न जुमानणारा वाण निवडून देतात. तें औषध घातलेल्या खाद्यावर मग बहुधा तोच तेवढा वाढतो. अलीकडे त्या वाणाचें जनुकच शोधतात, मात्र या परीक्षेंत मेलेला जंतुही जिवंतांबरोबर मोजला जातो.

निष्कर्ष बहुतेक ठिकाणीं एकच: सेवन थांबल्यावर कांहीं दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत, हे जंतु मलांतून नाहींसे होतात. जुन्या गांवगाड्यांतील उपरी कुळासारखे ते. मिरासदार तेथें आधींच बसलेले असतात. तथापि १९९९ मध्यें फिनलंडांतील शास्त्रज्ञांनीं मोठ्या आंतड्याच्या अस्तराचा कण काढून पाहिला, तेव्हां मलांतून गेलेला जंतु तेथें अजून टिकून होता. शिवाय २०१६ सालीं बिफिडोबॅक्टेरियमचा एक वाण सुमारें तीस टक्के लोकांत निदान सहा महिने राहिलेला आढळला; ज्यांच्या पोटांत त्या जातीची जागा मुळांतच रिकामी होती, त्यांच्याचकडे तो टिकला. पडीक रान मिळालें कीं उपरीही घर बांधतो!

इस्राएलांतील वाइझमन संस्थेचा २०१८ चा प्रयोग मात्र विचार करावयास लावणारा आहे. अँटिबायोटिकानंतर ज्यांना अकरा वाणांचें मिश्रण दिलें, त्यांचे मूळचे जंतु परतण्यास कांहींच न घेतलेल्यांपेक्षां पुष्कळ अधिक काळ लागला. माणसें थोडीं होतीं, हें खरें. उलट, अँटिबायोटिकामुळें होणारे जुलाब कांहीं वाणांनीं कमी होतात, विशेषतः मुलांत, यास चांगला आधार आहे.

तेव्हां भगिनींना आमचें उत्तर असें कीं, कॅप्सूलमधील जंतु जातां जातां काम करतो, राहून नव्हे; गुण यावयाचा तो सेवनाच्या दिवसांत व त्यानंतर थोडे दिवस. म्हणून कोणता वाण व किती दिवस, हे दोन्ही प्रश्न डॉक्टरांस विचारावेत. अपुऱ्या दिवसांच्या बालकांस व ज्यांची प्रतिकारशक्ति खालावली आहे अशा रोग्यांस हे जिवंत जंतु त्यांच्या सल्ल्यावांचून मुळींच देऊं नयेत.