साल फुकटची, डबी विकतची



टाकाऊपासून टिकाऊ करा, घरबसल्या कमवा, हा उपदेश शेतकऱ्याला नवा नाही. केळीच्या सालीचे बूटपॉलिश हा त्यातलाच एक प्रकार. आम्ही त्याला हसत नाही. पॉलिश होते. पण आधी हिशेब मांडू.

उदाहरण वसईचे घेऊ. ही वसई पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथे आगाशीच्या बाजूला राजेळी केळी पिकल्यावर सोलून उन्हात वाळवतात आणि सुकेळी करतात. पिकले केळे चार दिवसांत सडते. सुकेळी टिकतात, लांबच्या बाजारात जातात. मागे उरते ती साल. केळ्याच्या वजनात तिचा वाटा साधारण तिसरा हिस्सा.

ताज्या सालीची आतली बाजू बुटावर घासून फडक्याने पुसली की चमक येते, पण ती पाण्याला टिकत नाही. टिकाऊ पॉलिशला मेण लागते. त्यासाठी साल कडक वाळवावी आणि झाकणाच्या डब्यात कोंडून तिचा कोळसा करावा. राख होऊ देऊ नये. आसामात केळीच्या सालीच्या राखेतून स्वयंपाकाचा खार काढतात. तसला खार चामडे खराब करतो. कोळसा बारीक वाटून फडक्यातून गाळावा. मधमाश्यांचे मेण एक भाग, एरंडेल तीन भाग, कोळसा अर्धा भाग. मेण थेट चुलीवर ठेवू नये, पेट घेते. उकळत्या पाण्यात भांडे ठेवून वितळवावे, बाकीचे घालून थंड होईपर्यंत ढवळावे. वहाणेला एरंडेल पाजणे आपल्याला ठाऊकच आहे. हे पॉलिश काळ्या बुटालाच लावावे आणि चांगले घासून पुसावे, नाहीतर कपडे काळे होतील.

आता हिशेब. साल फुकट. मेण विकत, एरंडेल विकत, डबी विकत, वर दुकानदाराचे कमिशन. म्हणजे डबीतला सर्वांत स्वस्त माल कोणाचा? शेतकऱ्याचा! शिवाय गावात प्लास्टिकच्या चपला आणि शहरात कापडी बूट. पॉलिश घेणार कोण? तेव्हा मुलांच्या शाळेच्या बुटांपुरते जरूर करा, विकतची डबी वाचेल. पण त्याला धंदा म्हणू नका, आणि शेतमालाच्या भावाचे उत्तर तर मुळीच म्हणू नका.

सुकेळी करणाऱ्याचे शहाणपण वेगळे आहे. त्याने सालीच्या आधी फळ हातात धरले. मुख्य मालाची किंमत आपल्याच अंगणात वाढवली. आपण कोरडवाहूवाले काय करतो? ज्वारीचा कडबा आपण कुणाला फुकट देत नाही. पण क्विंटलभर कापसात रुई निघते सुमारे ३४ किलो, बाकी बहुतेक सरकी. सरकीत तेल आहे, ढेप आहे. कापूस विकताना हे सारे आपण जिनिंगच्या फाटकात सोडून येतो आणि बैलासाठी तीच ढेप पैसे मोजून घरी आणतो.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एवढे लिहून आणावे: यंदा गावातून कापूस किती गेला, त्याच्याबरोबर सरकी किती गेली, तिचा भाव आपल्याला काय मिळाला आणि ढेप कोणत्या भावाने परत आली. सालीचे बोलणे त्यानंतर करू.